वायरमन सरांच्या खोट्या डिस्क

वायरमन सर कुठल्याही संगणकाला आधी उलट्या हाताने शिवायचे. पंजाची मागची बाजू डब्याला टेकवायची, क्षणभर थांबायचं, मगच बटण दाबायचं. विजेच्या झटक्याने मूठ मिटते. तळहात लावला तर माणूस चिकटतो, उलटा लावला तर सुटतो, असं ते सांगायचे. तेव्हाच्या उस्मानाबादेतल्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते. त्याआधीची सगळी तरुणपणाची वर्षं एका सहकारी सूतगिरणीत वायरमन म्हणून गेलेली. गिरणी बंद पडल्यावर, चाळिशी उलटलेली असताना ते संगणक शिकले. इंग्रजी पुस्तकातल्या प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहीत.

आम्हा मुलींना ते 'ताई' म्हणत आणि अहो-जाहो करत. एखादीचा प्रोग्राम अडला की स्टूल ओढून शेजारी बसत आणि विचारत, "शेवटचं काय केलं हुतं? तिथनं सांगा." कुणाला ते ओरडल्याचं मला आठवत नाही.

मी लोहाऱ्याची. शेवटच्या वर्षाच्या माझ्या प्रकल्पात एकच माहिती दोन डिस्कवर लिहायची होती, म्हणजे एक डिस्क गेली तरी दुसरीवरून ती परत मिळावी. एका शनिवारी दुपारी चाचणी घेताना डिस्कच्या नावातलं एक अक्षर चुकलं आणि माझ्या प्रोग्रामने रिकाम्या डिस्कऐवजी लॅबच्या सर्व्हरची डिस्क पुसून टाकली. अख्ख्या वर्गाचे प्रकल्प तिच्यावर होते. मी स्क्रीन बंद केला, बॅग उचलली आणि हॉस्टेलवर जाऊन पडले. कुणाजवळ बोलले नाही.

सोमवारी लॅबमध्ये गलका होता. सरांनी सीडीवरच्या प्रतींवरून बरंचसं परत आणलं होतं, पण सगळ्यांचं आठवड्याभराचं काम गेलंच. मशीनच जुनं झालंय, असं जो तो म्हणत होता. मीही मान हलवली. गर्दी पांगल्यावर सर जवळ आले. "ताई, जेवला न्हाय का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि मला रडू फुटलं.

माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते स्वतःबद्दल बोलले.

"बहात्तरच्या दुष्काळात म्या आईसंगं पाझर तलावावर खडी फोडायला हुतो. पुढं गिरणी निघाली, नोकरी लागली. घरातला पयला पगार. ती नोकरी जाईल ह्येचं लई भ्या. एकदा पॅनेलमधी वायर चुकीची जोडली. घरी गेल्यावर ध्यानात आलं. म्हनलं, उद्या गुपचूप नीट करू. तवर दुसऱ्या पाळीच्या गड्यानं हात घातला. दोन बोटं गेली त्येची." सरांनी टेबलावरचा माऊस सरळ ठेवला. "मला दादा म्हनायचा. पुढं वारला बिचारा. सांगायचं ऱ्हाऊनच गेलं."

त्याच दुपारी मी विभागप्रमुखांना जाऊन खरं सांगितलं. ते संतापले. प्रकल्प बंद, दुसरा विषय घ्या, आता डिस्कला हात लावायचा नाही. परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. दाराशी उभे असलेले सर आत आले.

"साहेब, ताई चुकल्या. पन चुकायला आपन त्यांना जागा कुठं दिली? आठ दिवस द्या मला."

भंगारात काढलेल्या संगणकांमधली मेमरी काढून त्यांनी एका मशीनमध्ये बसवली. त्या मशीनच्या आत त्यांना व्हर्च्युअल मशीन उभं करायचं होतं, म्हणजे खऱ्या संगणकात चालणारा दुसरा, खोटा संगणक. पाच दिवस ते काही सुरूच होईना. सहाव्या दिवशी मेमरीची एक पट्टी खराब निघाली. ती बदलली आणि खोटा संगणक चालू झाला. त्याला सरांनी तीन डिस्क जोडल्या. त्याही खोट्या, नुसत्या मोठाल्या फाइली. लॅबच्या नेटवर्कची वायर मुद्दाम काढून ठेवली. सगळं नीट असतानाची स्थिती जपून ठेवली, म्हणजे काहीही मोडलं तरी तिथं परतता यावं.

मग मला खुर्चीवर बसवून म्हणाले, "पुसा."

मी डिस्कचं नाव पुन्हा एकेक अक्षर करून वाचायला लागले.

"पुसा की ताई. ही डिस्क खरी न्हाय."

मी पुसली. दोन मिनिटांत त्यांनी सगळं होतं तसं परत आणलं. "आता पुन्हा." असं पाच वेळा करायला लावलं. पाचव्यांदा मला हसू आलं, तेव्हा ते उठले. विभागप्रमुखांनी स्वतः येऊन एकदा पुसून पाहिलं, परत आलेलं पाहिलं आणि "चालू द्या" म्हणून गेले. त्या खोट्या संगणकातच मला माझ्या प्रोग्रामची खरी चूक सापडली: एक डिस्क काढून पुन्हा जोडली की तो जुनीच माहिती वाचत असे. ती सुधारली, प्रकल्प पार पडला आणि पुण्यात याच कामाची नोकरी लागली.

काही वर्षांनी सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आले. परत जायच्या दिवशी मी त्यांना ऑफिस दाखवायला नेलं. दारावर रखवालदाराने रजिस्टर पुढे केलं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. तरी वही तोंडाजवळ धरून त्यांनी स्वतःच लिहिलं. आतल्या थंडगार खोलीत डिस्कच्या रांगांमधून ते हात पाठीशी बांधून हळूहळू फिरले. "लई मोठं काम हाय," एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी त्यांना त्यांच्या गावच्या, भूमच्या एसटीत बसवून दिलं. त्यानंतर भेट झाली नाही. त्या दिवाळीनंतर ते गेले.

त्या संध्याकाळी एसटी निघाल्यावर मी ऑफिसात परतले, तेव्हा त्यांची बाहेर पडल्याची वेळ लिहायची राहिली होती म्हणून रखवालदाराने मला थांबवलं. मी रजिस्टर उघडलं. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'विद्यार्थिनीचे काम पाहणे'.