देव उठेपर्यंत

कलावती तायडेनं आयुष्यात देवांचे आभार मानले ते एकदाच, आणि तेही देव झोपले म्हणून.

एरवी देवांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. घरात बुद्धाची मूर्ती, ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो आणि जिभेवर वऱ्हाडी तिखट, एवढ्यावर तिचं छान चाललं होतं. नवरा उत्तम रेल्वेत गार्ड. अकोल्याहून महू, महूहून जयपूर अशा त्याच्या बदल्या होत गेल्या. तो गाडी घेऊन गेला की रिकामं घर खायला उठायचं, म्हणून महूला असताना ती टायपिंग शिकली. जयपूरला आल्यावर झोटवाड्यात सुखदेवजी नावाच्या सेठच्या कारखान्यात टायपिस्ट म्हणून लागली. हातपंपाचे सुटे भाग बनायचे तिथं. पुढे सेठनी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा ऑफिसातले बाकीचे कारकून त्याच्याकडे विंचवाकडं पाहावं तसे लांबून पाहायला लागले. सेठ कलावतीला म्हणाले, "बहनजी, आप बैठिए."

ती बसली. तिच्या आईला गावात कुणी कधी 'बसा' म्हटलं नव्हतं, खुर्ची तर दूरच. त्यामुळे त्या दोन शब्दांचं मोल कलावतीला जेवढं कळलं तेवढं सेठना बोलताना कळलं असेल की नाही, कोण जाणे. त्या खुर्चीवर ती रोज सकाळी फडका मारून मगच बसायची.

काळ्या पडद्यावर हिरवी ठसठशीत अक्षरं उमटायची. एक दाबलं की बिल, दोन दाबलं की माल, तीन दाबलं की गिऱ्हाइकांची नावं. चार-सहा महिन्यांत हे सगळं तिच्या बोटांत उतरलं. भाकरी थापताना बाई कुठं तळहाताकडं बघते? तशी ती गप्पा मारता मारता बिलं काढायची.

आणि हे बोटांत उतरलं होतं म्हणूनच तिचं गुपित झाकलेलं राहिलं. कारण एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यापासून तिला नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांवर धुरकट पडदा, आणि उजेडात तर सगळं पांढरंफटक. रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, "मोतिया है. लेकिन अभी पका नहीं. पकने दो, सर्दियों में निकालेंगे." म्हणजे आंब्यासारखं मोतीबिंदूलाही पिकू द्यायचं, आणि तोवर चाचपडत बसायचं.

ऑफिसात तिनं कुणाला सांगितलं नाही.

श्रावणात कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानाचा माणूस आला. बॅगेत नव्या प्रोग्रामच्या फ्लॉप्या आणि एका खोक्यात शेपटीवाला माउस. म्हणाला, आता आकडे दाबायचे दिवस गेले. आता पडद्यावर खिडक्या उघडणार, चित्रं येणार, बाण फिरवायचा आणि चित्रावर टिचकी मारायची. "समझिए सेठजी, आपकी पूरी टेबल ही स्क्रीन के अंदर." सोबत आणलेल्या मशीनवर त्यानं ते चालू करून दाखवलं. कलावती पुढं वाकली. काळा पडदा जाऊन सगळीकडं उजेडच उजेड झाला होता, उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखा. त्यात बाण कुठं आणि चित्र कुठं, तिला कणभर दिसलं नाही. त्या माणसानं माउस तिच्या हातात दिला. तिनं तो हलवला, पडद्यावर काय हललं ते तिला ठाऊक नाही. तो हसला आणि सेठकडं वळून, ती बहिरी असल्यासारखा म्हणाला, "मैडम से नहीं होगा. कोई नई लड़की रख लीजिए, सिखा हम देंगे."

आपली खुर्ची चालली, हे कलावतीला स्वच्छ दिसलं. तेवढंच स्वच्छ दिसलं.

सुखदेवजींनी फ्लॉप्या घेतल्या, खोकं घेतलं, पैसे दिले आणि दोन्ही वस्तू लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. "अभी देव सो रहे हैं," ते म्हणाले. "देवउठनी एकादशी से पहले हम नया काम नहीं करते." दुकानवाला कपाळावर हात मारून गेला. सेठ तसे मुहूर्ताचे पक्केच होते. नवा खिळा ठोकायचा तरी पंचांग काढायचे, आणि त्यावरून कलावती त्यांना तोंडावर चिडवायची. त्या दिवशी मात्र तिनं गुपचूप पुढचं बिल काढायला घेतलं.

घरी येऊन तिनं उत्तमला सगळं सांगितलं.

"सांगून टाक ना सेठजीले," उत्तम म्हणाला. "डोयाचं दुखणं हाय, चोरी त नाही केली."

"अन् खुर्ची गेली म्हणजे? थो दुकानवाला तोंडावर म्हणते, नवी पोरगी ठेवा."

"मंग आता काय करतं?"

"देव झोपले हायेत म्हणे, कार्तिकापावतर," कलावती म्हणाली. "लय उपकार झाले. झोपा म्हणा बाप्पा, चांगले पांघरून घेऊन झोपा."

उत्तम पोट धरून हसला. एवढी वर्षं संसार केला, पण बायकोच्या तोंडून देवाचं नाव प्रेमानं घेतलेलं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

ते तीन-चार महिने मोठे गमतीचे गेले. गमतीचे अशासाठी, की सेठनाच काहीतरी झालंय असं कलावतीला वाटायला लागलं. आधी ते मालाच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं बारीक अक्षरात खरडून द्यायचे. आता जाड काळ्या स्केचपेननं बोटभर अक्षरं काढायला लागले. मग बिलं समोर बसून मोठ्यानं वाचून दाखवायला लागले, म्हणे बोलल्यानं लक्षात राहतं. चहाचा कप टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, पांढऱ्या कपाखाली लाल रुमाल अंथरून, रोज त्याच जागी. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना त्यांनी चुन्याचे पट्टे मारून घेतले. कलावतीनं दोनावर दोन मिळवले आणि तिला उमगलं: बिचाऱ्या सेठच्या डोळ्यांत मोतीबिंदू आलाय, आणि ते लपवतायत! स्वतःवरून तिनं जग ओळखलं. तिला त्यांची फार दया आली. एक दिवस न राहवून ती म्हणाली, "सेठजी, बुरा मत मानना. एक बार आँख दिखा लो. शरमाने का क्या है उसमें?"

सुखदेवजींनी हातातलं स्केचपेन खाली ठेवलं. मग गंभीरपणे म्हणाले, "हाँ बहनजी, दिखाऊँगा. मेरी माँ को भी था. पकने तक रुकना पड़ता है, सुना है."

"हाँ, रुकना पड़ता है," कलावतीनं जाणकारासारखी मान हलवली.

देवउठनी एकादशी आली. झोटवाड्याच्या बाजारात उसांच्या मोळ्या उभ्या राहिल्या, घराघरांत देवांना उठवायची तयारी सुरू झाली आणि कलावती बसमधून उतरून भराभरा ऑफिसकडं निघाली. ऑफिसात शिरून तिनं आधी कपाटाकडं पाहिलं. कपाट बंद. सेठनी तिच्या हातावर उसाचं कांडं ठेवलं आणि कामाला लागले. दुपार झाली, तिची घरी जायची वेळ झाली, तरी खोक्याचं नाव नाही. शेवटी तिनंच भीत भीत विचारलं, "सेठजी, देव तो उठ गए?"

"उठ गए."

"फिर वो नया प्रोग्राम?"

"कच्चा है अभी," सुखदेवजी म्हणाले. "पकने दो."

प्रोग्राम कसा काय कच्चा असतो, ते तिला कळलं नाही. पण मिळालेली सवलत कोण नाकारतं? ती ऊस चघळत घरी गेली. पंचांगाचा एवढा पक्का माणूस वर्षाचा मुहूर्त हातचा जाऊ देतो, हे मात्र तिच्या मनाला राहून राहून टोचत राहिलं.

थंडी पडली आणि डॉक्टरांनी सांगितलं, पिकलाय. कलावतीनं सेठकडं रजा मागितली. कारण सांगितलं, दिराच्या मुलीचं लग्न. एवढ्या लांबलचक रजेचं लग्न जगात कुठं नसतं, हे तिचं तिलाच बोलताना कळत होतं. "आराम से आइए. पूरा काम निपटाकर," सेठ एवढंच म्हणाले. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं पुढच्या थंडीत करायचं ठरलं.

संक्रांत होऊन गेल्यावर ती परत निघाली ती सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावून. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. बसच्या खिडकीतून तिनं बाहेर पाहिलं आणि पाहतच राहिली. सीकर रोडच्या तारांवर, बाभळींवर, सगळीकडं संक्रांतीचे फाटके पतंग अडकले होते: जांभळे, पिवळे, एक हिरवा शेपटीचा. इतके रंग होते जगात? मुरलीपुऱ्याच्या वळणावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरनी रडायला मनाई केली होती, म्हणून तिनं ते तिथंच आवरलं.

चुन्याचे पट्टे मारलेला जिना चढून ती वर आली. सुखदेवजी खिडकीशी बसून पंचांग वाचत होते. पंचांगातली ती अक्षरं कशी असतात, ठाऊक आहे ना? मुंगीच्या पावलांएवढी. ती सेठ चष्म्याशिवाय, मांडीवर धरून, सरसर वाचत होते.

कलावती दारातच थबकली.

"सेठजी," ती म्हणाली, "आपकी आँखें?"

त्यांनी वर पाहिलं. तिचा चष्मा पाहिला. "मेरी तो ठीक हैं, बहनजी," ते ओशाळून म्हणाले. "पहले से ठीक हैं."

स्केचपेनची अक्षरं, मोठ्यानं वाचलेली बिलं, लाल रुमाल, चुन्याचे पट्टे, सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढं आलं. आणि आपण याच माणसाला डोळे दाखवायचा सल्ला दिला होता! तिला हसू आलं आणि रडू आलं, दोन्ही एकाच वेळी, आणि कुठलं आधी येऊ द्यावं ते कळेना.

सेठनी तिला काही बोलूच दिलं नाही. उठले, कपाट उघडलं, खोकं आणि कुंकवाची कोयरी घेऊन आले. "चलिए, आज अच्छा मुहूर्त है. शुरू करते हैं." खोक्यातून त्यांनी माउस काढून टेबलावर ठेवला. गणपतीचं वाहन, तेव्हा त्याला कुंकू हवंच. त्यांनी बोट कोयरीत बुडवलं.

कलावती माउसकडं पाहत होती. आता तिला दिसत होतं. त्याच्या पाठीवर कुंकू आधीपासूनच होतं. जुनं, वाळलेलं, आणि बोटं टेकतात त्या जागी झिजून गेलेलं.

"रहने दीजिए सेठजी," ती म्हणाली. "मुहूर्त तो हो चुका है."

सुखदेवजींचं बोट हवेतच राहिलं. चोरी पकडलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला. "एकादशी खाली कैसे जाने देता?" ते पुटपुटले. "आपके जाने के बाद किया था. थोड़ा हाथ से चलाता भी रहा. मुझसे होता नहीं, बाण भाग जाता है."

म्हणजे नवा प्रोग्राम मशीनमध्ये केव्हाचा बसला होता. रोज ती गेल्यावर सेठ एकटेच त्याच्याशी झटत होते, आणि रोज ती यायच्या आत मशीन बंद करून माउस खोक्यात परत जात होता. सकाळी तिला तिचा जुना काळा पडदा आणि हिरवी अक्षरं मिळत होती, जशीच्या तशी.

"नई लड़की क्यों नहीं रखी?" तिनं विचारलं.

"कुर्सी पर तो आप बैठी थीं," सुखदेवजी म्हणाले. त्यांना यात समजावून सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

कलावतीनं दोन्ही हात जोडले. बुद्ध-बाबासाहेब सोडले तर तिच्याकडून कधी कुणाला असे जोडलेले हात मिळाले नव्हते. सेठ गडबडून खिडकीबाहेर पाहायला लागले. मग तिनं खुर्चीवर फडका मारला आणि ती बसली. खिडक्यांचा प्रोग्राम उघडला. उजेडानं भरलेल्या पडद्यावर एक बारकासा बाण उभा होता, आणि तो तिला दिसत होता.

"पक गया?" सेठनी मागून विचारलं.

"पक गया, सेठजी."

संध्याकाळी उत्तम गाडीवरून घरी आला तेव्हा ती त्याची वाटच पाहत होती. अथपासून इतिपर्यंत तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "मंग? देवाचे उपकार मानले होते तू, झोपले म्हणून."

"कोणी नव्हतं झोपलं," कलावती म्हणाली. "सेठजी सारं पाहत जागेच होते. झोपली त म्याच होती, बाप्पा."