प्रज्ञा परत येत नाही

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते आपोआप जमतात. चार माणसं रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसली आणि समोर काहीतरी घडत असलं की झालं! आमचा कट्टा परळला, बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला. तिथे मी असतो. पोटासाठी बँक आणि हौसेसाठी रेफरीची शिट्टी. कोच सावंतसर असतात, एरवी मुंबईचे आणि रागावले की मालवणचे. आणि दादरहून चालत येणारे गोखलेकाका असतात. आयुष्यात बॉलला हात लावलेला नाही, पण मत मात्र सगळ्यावर!

काही वर्षं आमच्या कट्ट्याला विषय एकच आहे. प्रज्ञा. आमच्या कोर्टामागच्या चाळीतली, एकोणीस वर्षांची. ती बॉल टाकते तेव्हा तोंडातला चहा गिळायचा राहून जातो. अतिशयोक्ती नाही, माझ्या दोन शर्टांवर डाग आहेत.

*

सावंतसरांना ती सापडली कशी, तर चावीमुळे.

प्रज्ञाची आई एका शाळेच्या ऑफिसात कामाला. घर तिसऱ्या मजल्यावर. शाळेतून आल्यावर लहानगी प्रज्ञा खाली अंगणात खेळायची आणि चावी तिच्याकडे असायची. आई आली की वरच्या गॅलरीतून हाक मारायची, "चावी!" आणि ही पोरगी खालूनच चावी भिरकवायची. तिसऱ्या मजल्यावर, कठड्यावरून आत, थेट दारातल्या पायपुसण्यावर!

हळूहळू अख्ख्या मजल्याच्या चाव्या तिच्याकडे आल्या. कुणाची कुठल्या दाराशी टाकायची हे तिला पाठ.

सर एकदा चाळीत कुणाकडे तरी आले होते. गॅलरीत उभे असताना एक चावी त्यांच्या कानाजवळून गेली आणि मागच्या पायपुसण्यावर पडली. ही पोरगी कुणाची, म्हणून सर वाकून खाली मालवणीत ओरडले, "कोणाचा गो ता चेडू?"

प्रज्ञाला वाटलं, आता मार मिळणार. ती पळून गेली. गोखलेकाका म्हणतात, "तेवढीच काय ती पळाली. त्यानंतर पळालेली मी पाहिली नाही!"

*

एका सामन्यात तिने कहर केला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'प्रज्ञाला सर्वाधिक गुण'. दिवस नेमके बारावीच्या निकालाचे.

सकाळीच चिपळूणहून मामाचा फोन. "जय भीम, ताई! अगं, पेपर वाचला! आपली प्रज्ञा बोर्डात आली?"

आई बिचारी आदल्या रात्री पोरीची मार्कशीट बघून कपाळाला हात लावून बसली होती. पण बाई मोठी हजरजबाबी. म्हणाली, "हो रे! सगळे बॉल बास्केटमागच्या बोर्डालाच आपटून आत गेले म्हणे!"

*

आता वादाचं सांगतो. गोखलेकाकांचं म्हणणं, "नुसते गोल टाकून कुणी खेळाडू होत नाही."

"काका, गोल नाही, बास्केट," मी.

"तेच ते! टाकते आणि तिथेच उभी राहते. समोरची टीम बॉल घेऊन आपल्या बास्केटकडे पळते, ही मात्र आरती संपल्यावर प्रसादासाठी थांबावं तशी थांबलेली! फिटनेस कुठाय? परत यायला नको?"

सावंतसर उसळायचे. "अरे गोखल्या, टाकलेलो बॉल आत गेलो काय नाय, ता बघूक नको?"

"तिचा कधी बाहेर जातो का, म्हणून बघायचं?"

तेही खरंच होतं. तिच्या विरोधातला सगळ्यात जोरकस मुद्दासुद्धा तिचं कौतुकच निघायचं, हा आमच्या वादातला मोठा घोटाळा होता.

*

मध्ये तिचा गुडघा दुखावला. डॉक्टरांनी पळणं, उड्या मारणं सगळं बंद केलं. आम्हाला वाटलं, आता काही दिवस कोर्ट सुनं. दुसऱ्या दिवशी बघतो तर प्रज्ञा बास्केटसमोर फ्री थ्रोच्या रेषेवर चहावाल्याची प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेली!

त्याच वेळी समोरच्या टॉवरमधली तीन मुलं आली. भारीतले बूट, हातात बँड. एक म्हणाला, "मॅडम, बाजूला होता का? आम्हाला खेळायचंय."

"खेळूया ना," प्रज्ञा बसूनच म्हणाली. "चुकेल तो बाहेर."

पहिला गेला. दुसरा गेला. तिसऱ्याने चांगली टक्कर दिली, पण शेवटी तोही गेला. ही अजून खुर्चीतच. बसून टाकायचं म्हणजे पायांचा जोर शून्य, सगळी ताकद खांद्यातून आणि मनगटातून. मी इतकी वर्षं शिट्टी वाजवतोय, असं काही मी पाहिलेलं नाही.

तेवढ्यात तिची आई आली. लांबूनच काळजीने विचारलं, "काय गं, नव्या औषधाने गुण आला का?"

"पुष्कळ आले!" प्रज्ञा म्हणाली.

मी मोठ्या अपेक्षेने गोखलेकाकांकडे पाहिलं. आता तरी मान्य करतील! काकांनी चष्मा पुसला. "बघितलंस? मी म्हणत होतो ना, जागची हलत नाही!"

*

गुडघा बरा झाला आणि खरी परीक्षा आली. एका मोठ्या ऑफिसच्या टीममध्ये एक जागा निघाली. खेळाच्या कोट्यातून कायमची नोकरी! प्रज्ञाच्या आईची नोकरी कंत्राटी, दर वर्षी जून आला की बाई कंत्राट पुन्हा मिळतं का, याची चौकशी करत फिरतात. पोरीला कायमची नोकरी लागावी, एवढं एकच मागणं.

त्या टीमची निवड करणाऱ्या दळवीमॅडम प्रॅक्टिस बघायला आल्या. बघितली आणि सरांना स्पष्ट म्हणाल्या, "हिच्या स्कोअरिंगला तोड नाही. पण शूट केल्यावर परत येत नाही. अर्धी खेळाडू घेऊन मी काय करू? निवड चाचणीच्या आधी परत यायला शिकवा."

प्रज्ञा शेजारीच होती. मॅडम गेल्यावर तिने विचारलं, "सर, अर्धी म्हणजे कुठली अर्धी?"

"मागची," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सराव सुरू झाला. आणि पहाटे उठून, दादरहून चालत, तिच्याआधी कोण हजर? गोखलेकाका! हातात छत्री, आपल्या बास्केटखाली उभे. तिने शूट केलं रे केलं की काका बोंबलायचे, "परत ये!" ती वळून जीव खाऊन पळत यायची. पुन्हा शूट, पुन्हा "परत ये!" सुरुवातीला तिला धाप लागायची, मग ओरडून ओरडून काकांना लागायला लागली.

एकदा गेटबाहेरून एक बाई नवऱ्याशी भांडून तरातरा पुढे निघाल्या होत्या. नवरा मागे ठोंब्यासारखा उभा. आतून काका ओरडले, "परत ये!" बाई थबकल्या. मागे वळल्या. आल्या की परत!

काका अजून सांगतात, "एक संसार वाचवलाय मी!"

*

निवड चाचणीचा सामना एका हॉलमध्ये होता. दळवीमॅडम खुर्चीत, प्रज्ञाची आई कोपऱ्यात पदर मुठीत धरून. शिट्टी माझ्याकडे, त्यामुळे मला तोंड उघडायची सोय नाही. एका जागेसाठी सगळ्याच मुली जिवावर उदार झालेल्या, कुणी कुणाला पास देईना. प्रज्ञाच्या हातात बॉल असा येतच नव्हता. खेळ संपत आला. सावंतसर नखं खाऊ लागले.

शेवटी एक बॉल सुटून तिच्याकडे आला. लांब होती ती, खूप लांब. तिने उडी मारली, बॉल हातातून सुटला, आणि लाइट गेली!

गुडूप अंधार. सगळे जागच्या जागी थिजले. मी शिट्टी दातात धरून उभा. आणि त्या शांततेत वर कुठेतरी आवाज आला, 'सप्!' जाळीचा. रिंगला स्पर्शसुद्धा नाही.

मग टेबलावरून स्कोअरर घाबरत म्हणाला, "सर... दोन गुण देऊ?"

"तीन!" अंधारातून गोखलेकाका गरजले. "रेषेच्या बाहेर होता पाय! मी बघितलाय!"

लाइट आली. नऊ मुली जिथल्या तिथे, माना वर करून बास्केटकडे बघत उभ्या. प्रज्ञा त्यांच्यात नव्हती.

ती कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला होती. आपल्या बास्केटखाली, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून, घामाने निथळत. एकटी.

दळवीमॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. "अगं, बॉल आत गेला की नाही, ते तरी बघायचंस!"

"मॅडम," प्रज्ञा धापा टाकत म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, परत यायचं?"

मॅडम शेजारच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "हिच्या जर्सीचा साइज विचारून घ्या."