खोली क्रमांक सातमधील पाचवे यंत्र

तक्रारदार: मी, तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली टेबल मांडून गेली बावीस वर्षे अर्ज लिहिणारा. ज्यांच्याविषयी तक्रार: रस्त्यापलीकडच्या मुलांच्या वसतिगृहाचे माजी गृहपाल, नाव हेतुतः देत नाही, ओळखणारे ओळखतील. घटनास्थळ: वसतिगृहाची खोली क्रमांक सात. दिवस: उन्हाळी सुट्टीतील एक शुक्रवार. साक्षीदार: सुरगाण्याकडचा रोहिदास, घोटीचा तुषार, नांदगावचा इम्रान आणि तांदळाचा एक पत्र्याचा डबा.

वाचकहो, तुमच्याही पाहण्यात असा एखादा इसम असेल. कोणी काही मागावयास आले, की हे गृहस्थ खिशातील शाईचे पेन काढीत, टोपण उघडीत, निब उजेडाकडे धरून पाहत, टोपण पुन्हा लावीत आणि म्हणत, "लेखी द्या." पेन परत खिशात. त्या निबेने कागदाला स्पर्श केलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

बादली फुटली, लेखी द्या. ढेकूण झाले, लेखी द्या. एकदा एका मुलाने ताप आल्याचे सांगितले, तर म्हणाले, "किती आहे ते लिहून आण." परिणामी मुले रस्ता ओलांडून माझ्या टेबलाशी येत. यात माझा फायदाच होता, हे मी लपवीत नाही. तथापि फायदा होतो म्हणून मूर्खपणास शहाणपण म्हणणे माझ्या स्वभावात नाही.

माझे शिक्षण आठवीपर्यंतचे. पण माझ्या अर्जावर 'आशय समजत नाही' असा शेरा आजवर कोणत्याही कचेरीने मारलेला नाही. या गृहस्थांनी मात्र प्रत्येक अर्जात खोड काढली. मुलाला पिटाळून मलाच बोलावून घेत आणि विचारीत, "अहो अर्जवाले, हा 'तथापि' कशाला?"

"वजन येण्यासाठी."

"वजन कशाला? बादली मागतोय की जमीन?"

आणि स्वतःचे हसणे स्वतःच ऐकत बसत. पदवीधर होते म्हणे. पदवीने माणसाला शब्दांचे वजन कळत नाही, याचे एवढे ठसठशीत उदाहरण मला दुसरे सापडले नाही.

आता मुख्य विषय. वसतिगृहात इंटरनेट आले. प्रत्येक खोलीत भिंतीला एक खाच आणि तीतून एक वायर. गृहपालांनी त्याच दिवशी फळ्यावर लिहविले: एक खोली, एक यंत्र. नोंद ठेवण्यासाठी त्यांनी नवे रजिस्टर घेतले नाही. पाहुण्यांचे जुने रजिस्टर काढले. त्यात आधीच रकाने छापलेले होते: नाव, गाव, नाते, येण्याचे कारण. त्याच रकान्यांत यंत्रे बसविली, तीही स्वतः न लिहिता मुलांकडून लिहवून. खोली क्रमांक सातची नोंद मी डोळ्यांनी पाहिली आहे. नाव: लॅपटॉप. गाव: नांदगाव. नाते: इम्रानचा. येण्याचे कारण: अभ्यास.

रोज संध्याकाळी मुलांच्या हजेरीनंतर यंत्रांची हजेरी होई. मुले लॅपटॉप छातीशी धरून ओळीने उभी राहत. मी फाटकातून हे दृश्य पाहिले आणि मान फिरविली.

सात नंबरच्या तिघांकडे एक लॅपटॉप आणि तीन मोबाइल होते. एका वायरीवर चार यंत्रांचे भागेना. इम्रानच्या भावाने गावाहून दोन शिंगांचा एक राऊटर पाठविला. वायर त्यात खोचली, की चारही यंत्रे एकदम चालत. आता हा लपवायचा कुठे? तुषारच्या घरून तांदळाचा डबा येत असे, झाकणाचा, जाड पत्र्याचा. या शिकलेल्या मुलांनी डब्याला मागून भोक पाडले, वायर आत घेतली, राऊटर तांदळावर बसविला आणि झाकण गच्च लावले. झाले! नेट बाहेर येईना. दोन दिवस तिघे सरकारला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी तुषारने भात टाकायला झाकण काढले, आणि तिघांचे मोबाइल एकदम वाजू लागले.

"लय हुशार आपण," तुषार म्हणाला म्हणे. "पत्र्यात कोंडलं नि हवा मागतोय."

पुढे झाकण उघडे ठेवण्याची पद्धत पडली. गृहपाल सरांच्या चपलांचा आवाज आला, की झाकण बंद. एका सकाळी सर चपला हातात घेऊन आले. डब्यात डोकावून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तांदळाला दिवे कधीपासून लागले रे?"

राऊटर कपाटात गेला, खोलीची वायर बंद झाली. ती बंद करणे गृहपालांच्या हाती, सुरू करणे मात्र मुख्य कार्यालयाच्या. असला अधिकार फक्त अशाच माणसांना शोभतो.

त्याच आठवड्यात रोहिदासच्या बी.एड. प्रवेशाचे पसंतीक्रम भरायचे होते. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच्या पाड्यावरून इतके शिकलेला तो पहिलाच. पसंतीक्रम न भरल्यास वर्ष वाया आणि घरचे लोक द्राक्षाच्या कामाला घेऊन जाणार, हे ठरलेले. सुट्टीमुळे बाकीच्या खोल्यांना कुलपे. तिघांची सिमकार्डे एकाच कंपनीची. त्या दिवशी मेसेज येत, नेट येईना. माझा मोबाइल बटणांचा, नुसता बोलण्यापुरता. सायबर कॅफेवाल्याने रांग दाखवून हात जोडले. गृहपालांच्या कार्यालयात संगणक होता, पण त्याचा पासवर्ड आधीच्या गृहपालांबरोबर बदलीवर गेला होता आणि यांनी त्यावर टेबलक्लॉथ घातला होता.

दुपारी दोनला तिघे माझ्याकडे आले. "काका, कायतरी करा," रोहिदास म्हणाला. "नायतर माझं संपलंच."

मी दोन कागद केले. पहिला, वायर सुरू करण्याबाबत गृहपालांना विनंती अर्ज. दुसरा, गृहपाल हे मनमानी करणारे आणि पदास अपात्र असल्याबद्दल मुख्य कार्यालयास तक्रार. नावे, दिवस, साक्षीदार यांसह. हा दुसरा कागद मुलांनी मागितला नव्हता. तो माझ्या मनात कित्येक वर्षे तयारच होता. तुषारला त्यासह सायकलवर पिटाळले आणि पोच आणण्यास बजावले. दोन्ही मिळून साडेतीन वाजले. चांगल्या भाषेला वेळ लागतोच.

विनंती अर्ज घेऊन मी स्वतः गेलो. गृहपालांनी तीन पाने शांतपणे वाचली. "सहपत्र कुठंय?" मी परत आलो, प्रवेशाच्या कागदाची झेरॉक्स जोडली, पुन्हा गेलो. चार वाजून वीस मिनिटे. त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. पेन काढले, टोपण उघडले, निब पाहिली, टोपण लावले.

"शिफारस करतो. मुख्य कार्यालय सोमवारी बघेल."

रोहिदास जिन्याच्या पायरीवर बसला. रडला नाही. एवढेच म्हणाला, "सर, सोमवारी मी इथं नसंल. घरी काय सांगू, तेवढं तुम्हीच लिहून द्या."

गृहपालांनी पेन खिशात ठेवले. हातरुमालात गुंडाळलेला स्वतःचा मोबाइल त्यांनी काढला. तो दुसऱ्या कंपनीचा होता.

"इम्रान, लॅपटॉप आण. आणि ह्यातलं नेट कसं वाटून देतात ते दाखव मला."

त्यांना काहीही येत नव्हते. हॉटस्पॉट म्हणजे काय, हे इम्रानने दोनदा सांगितले. पासवर्ड त्यांनी रोहिदासला चिठ्ठीवर लिहायला लावला आणि खाली पोच म्हणून सही घेतली. त्या घाईतही! मी कपाळावर हात मारला. पण नेट जिन्यातल्या खिडकीपाशीच येत होते, तेही मोबाइल गजांबाहेर धरला तर. मग हे गृहस्थ खिडकीच्या कट्ट्यावर चढले आणि हात बाहेर काढून उभे राहिले. उजवा हात भरून आला, की डावा. खाली पायरीवर रोहिदास एकेक कॉलेज निवडीत होता.

"सर, थोडं वर."

"वर म्हणजे किती? मोघम बोलू नकोस."

पाचला सात मिनिटे कमी असताना पडद्यावर हिरवी खूण उमटली. इम्रानने शिट्टी मारली. गृहपाल खाली उतरले, खांदा चोळीत कार्यालयात गेले आणि ते पाहुण्यांचे रजिस्टर उघडले. पेनाचे टोपण काढले. निब पाहिली. आणि लिहिले. माझ्यादेखत लिहिले:

खोली क्रमांक सात. पाचवे यंत्र, विनापरवाना. नाव: मोबाइल. गाव: नाशिक. नाते: गृहपालांचा. येण्याचे कारण: मुलाचा प्रवेश.

खाली सही.

मी फाटकाबाहेर आलो, तर तुषार घाम पुशीत उभा. "काका, मिळाली पोच. शिक्का बघा कसा ठसठशीत." मी ती घडी करून खिशात घातली. तक्रार परत घेण्यासाठी एक अर्ज पुरेसा होता. सोमवारी लिहू असे म्हटले. सोमवारी लिहिला नाही. कारण विचाराल, तर तक्रार फार उत्तम उतरली होती.

चौकशी झाली. मुलांनी सरांच्या विरुद्ध एक शब्द काढला नाही. माझा एकही आरोप टिकला नाही. परंतु त्या आरोपांसाठी आलेल्या अधिकाऱ्याने रजिस्टर उघडले, आणि नियम मोडल्याची कबुली तेथे गृहपालांच्याच हस्ताक्षरात होती. त्यांची बदली पेठ गावाच्या पलीकडे, डोंगरातल्या एका वसतिगृहात झाली. तिथे जोडायला यंत्र नाही, आणि असलेच तर रेंज नाही.

जायच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात माझ्या तक्रारीची नक्कल. ती तक्रार मी विनास्वाक्षरी, 'एक जागरूक नागरिक' म्हणून पाठविली होती.

"तिसऱ्या ओळीतला 'तथापि' नको होता," ते म्हणाले. "बाकी तक्रार नीट आहे."

नक्कल टेबलावर ठेवली, ती उडू नये म्हणून वर माझीच दौत ठेवली, आणि रस्ता ओलांडून बसस्टँडच्या दिशेने गेले. कपाटातला राऊटर त्यांनी त्याच दिवशी मुलांना दिला होता, पोच घेऊन.

रोहिदासला प्रवेश मिळाला. नवे गृहपाल हसतमुख आहेत. कोणीही काहीही जोडतो, यंत्रांची हजेरी नाही, आणि फुटलेली बादली दोन महिने तशीच आहे, कारण ती तोंडी सांगितलेली आहे.

माझे त्यांच्याविषयीचे मत बदललेले नाही. ते हेकट होते, खोडसाळ होते आणि मराठी शब्दांचे वजन त्यांना कळत नव्हते. यातील एकही अक्षर मी मागे घेत नाही. मागे घेतो ती केवळ तक्रार. आणि तसा अर्ज, या वेळी माझ्या नावाने व सहीने, मुख्य कार्यालयास तीन वेळा सादर केला आहे. त्यात 'तथापि' नाही.

सबब विनंती की, रजिस्टरमधील ती नोंद गुन्हा म्हणून न वाचता तिचा शेवटचा रकाना वाचावा, सदर गृहपालांना मूळ जागी परत आणावे, आणि काय निर्णय झाला तो या अर्जदारास कळवावा.

तोंडी नको. लेखी द्यावा.