व्हिनाइल तिरकं चालतं तेव्हा

जव्हारच्या बाजारात माझं छपाईचं दुकान आहे, आणि त्या दुकानात माझ्याहून जास्त मान असलेलं एक मशीन आहे. चांगलं पाच फूट रुंद. पाट्या, बॅनर, गाड्यांवरचे स्टिकर, सगळं त्याच्यातून बाहेर पडतं. शाई कशी उमटते हे बघायला लोक काचेला नाक लावतात. मी मात्र व्हिनाइल, म्हणजे ज्यावर छापतो तो प्लॅस्टिकचा चिकट कागद, आत कसं शिरतं ते बघतो, कारण सगळी भानगड तिथेच होते. रोल केसभर तिरका बसला की दोन मीटरवर तो बोटभर सरकतो, मग दुमडतो, मग छपाईच्या हेडला घासतो, आणि मग मी जे बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

म्हणून माझं सोवळं कडक. पावसाळ्यात इथलं धुकं न विचारता दुकानात येऊन बसतं, तेव्हा नवा रोल आदल्या दिवशीच मशीनशेजारी आणून ठेवायचा, म्हणजे दोघांना एकच हवा लागते. रोल कोपऱ्यात उभा टेकवायचा नाही, नाहीतर त्याला पोक येतो. पुढची कड पट्टी लावून कापायची आणि दोन्ही हातांनी सारखी ओढून आत द्यायची. व्हिनाइल दाबून पुढे सरकवणारी रबरी चाकं रोज सकाळी पुसायची. हे सगळं मी अशा थाटात करतो, की गिऱ्हाइकाला वाटतं आता तिसरी घंटा होणार.

तरीही गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा पोपट झाला.

पोशेऱ्याच्या बचत गटातल्या एक ताई सकाळीच आल्या. नागलीच्या पिठाच्या पाकिटांना लेबलं हवी होती. दुपारच्या एसटीने त्यांना नाशिकला प्रदर्शनाला जायचं होतं. गटाचं पहिलंच प्रदर्शन, आणि बिनलेबलाचं पाकीट स्टॉलवर ठेवू देणार नाही, असं तिथल्यांनी बजावलेलं. बाकीच्या दोघी पोती घेऊन वाटेत मोखाड्याला त्याच गाडीत चढणार होत्या.

"तासाभराचं काम," मी म्हणालो आणि ऐटीत बटण दाबलं.

व्हिनाइल हातभर सरळ गेलं आणि दरवाज्याकडे सरकू लागलं. थांबवलं, पुन्हा लावलं. पुन्हा दरवाज्याकडे.

"काय ओ दादा," ताई म्हणाल्या, "त्याला पण एसटी पकडायची हाय का?"

त्यातच कडेला फिकट गुलाबी ठिपके उमटायला लागले. मी डॉक्टरी चेहरा करून निदान केलं: गुलाबी शाई गळतेय. हेड साफ केलं. एकदा, दोनदा, तीनदा. ठिपके तिथेच. पांढऱ्या व्हिनाइलचा तेवढाच रोल उरला होता आणि दर प्रयत्नाला तो हातभर कमी होत होता. ताईंची नजर आता घड्याळावर होती.

मग त्यांनी खाली पडलेली वाया गेलेली पट्टी उचलली आणि तिच्यावरून बोट फिरवलं.

"दादा, इथं खड्डा हाय."

"कुठे?"

"ठिपक्याच्या जागी. दर चार बोटांवर एक. शाईनं खड्डा पडतो का?" त्यांनी ठिपका अंगठ्याने चोळला. "आन् ही शाई नाय. कुंकू हाय."

"अहो ताई, मशीनमध्ये कुंकू कुठून येणार?"

"रोज लावते मी. मला नका शिकवू."

आणि मला आदल्या दिवसाची पूजा आठवली! हार, नारळ, ओल्या कुंकवात घोळलेल्या अक्षता. मी हात आखडता घेतला नव्हता. लग्नातल्यासारख्या ओंजळीने उधळल्या होत्या, तेही मशीनचं झाकण उघडं ठेवून. वर सणाच्या सुस्तीत त्या सकाळी चाकं पुसायचीही राहिली होती. चाकं उचलणारा दांडा वर केला, तर दरवाज्याकडच्या चाकाला तांदळाचा एक दाणा घट्ट चिकटलेला. दर फेऱ्याला ते चाक दाण्यावर चढायचं आणि त्या बाजूची पकड सुटायची.

ताईंनी केसातली पिन काढली आणि तांदळातला खडा वेचावा तसा तो दाणा बाहेर काढला.

"मशीनला जेवायला घातलंत, ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण त्याला दात हायेत का, ते बघायचं व्हतं."

मी मुकाट्याने चाकं पुसली, कड नव्याने कापली, रोल लावला. व्हिनाइल असं सरळ निघालं, की मी टाळी वाजवली. ताईंनी वाजवली नाही. शेवटचं लेबल बाहेर येईपर्यंत त्या कडेवर नजर रोखून उभ्या होत्या.

लेबलं सुटी करायला वेळच उरला नव्हता. शाई वाळताच मी अख्खी छपाई गुंडाळली, कात्री उचलली आणि आम्ही दोघं डेपोकडे पळालो. माझं पळणं बघायला बाजार थांबला, ही माझी कमाई. गाडी फलाटावरून हलत होती. मी आडवा हात केला, कंडक्टरने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली, आणि ताई चढल्या.

गाडी वळली तेव्हा खिडकीत दिसलं ते एवढंच: मांडीवर व्हिनाइल पसरलेलं, ताईंच्या हातात माझी कात्री चाललेली, आणि शेजारच्या अनोळखी आजोबांना त्यांनी दुसरं टोक ताणून धरायला लावलेलं.