रंगूबाईचा सकाळचा रामराम

पलूसपासून आत, उसाच्या मधोमध रंगूबाईची एकटीची वस्ती. नवरा कधीच गेला. लेक जयराज फौजेत, सून-नातवंडं त्याच्याजवळ क्वार्टरात. दिवसदिवस बाईच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. बोलायचं तरी कुणाशी? म्हशीशी बोलून बोलून तीसुद्धा कंटाळली असेल!

मग पलीकडच्या माळावर छोट्या विमानांची धावपट्टी झाली. विमान तरी कसलं, फटफटीला पंख लावलेले. रोज सकाळी ते उडायचं, रंगूबाईच्या मळ्यावर यायचं आणि एका अंगाला कलायचं. रंगूबाईच्या मनानं घेतलं, हा विमानवाला आपल्याला रामराम घालतोय. आता हसू नका. आपल्याकडं कुणाचा रामराम घेतला नाही तर माणूस माजलाय म्हणतात. तिनं विळा खाली ठेवून हात वर केला. मग रोजच. चहासुद्धा ती त्यानंतरच घ्यायची.

शेजारचा भाऊसो चेष्टा करायचा, "काकू, पावणा आला न्हाई का आज?"

करू दे मेल्याला चेष्टा. दिवसातनं एकदा कुणीतरी आपली आठवण काढतंय, एवढ्यावर ती जगत होती.

त्या दिवशी विमान उडालं, बांधावर आलं, आणि आवाजच बंद. कललं नाही की काही नाही, थेट उसात घुसलं. रस्त्यावरनं माणसं धावली, पण ऊस दोन पुरुष उंच. कुठनं शिरायचं तेच कुणाला कळेना. रंगूबाईची नजर मात्र पहिल्यापासून विमानावर होती. ती विहिरीकडच्या सरीतनं पळत सुटली. उसाच्या पात्यांनी तोंड ओरबाडलं. आत विमान उलटं, चालवणारा पोरगा पट्ट्यांत लोंबकळतोय, पेट्रोलचा भपका सुटलाय.

"बिड्या इझवा रं मुडद्यांनो, आन् हिकडं या!" ती ओरडली. पोराला खांदा देऊन तिनं विळ्यानं पट्टे कापले.

पुढच्या आठवड्यात ती भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून एस.टी.नं सांगलीला दवाखान्यात गेली. पोराचं नाव निमिष. पाय प्लास्टरमध्ये. आज हा तोंडानं रामराम घालणार, या आनंदात तिनं नवं लुगडं नेसलं होतं.

"मावशी, तुम्ही नसता तर मी संपलो होतो," तिचे हात धरून तो रडला.

तिनं लाजत विचारलं, "मळ्यावर आलास की इमान कलवायचास, ते कुणासाठनं रं?"

"कुणासाठी? तिथनं वळायचं असतं मावशी. वळताना विमान कलतंच."

"आन् खाली मी दिसायचे का?"

"छे हो, वरनं नुसता ऊस दिसतो."

 रंगूबाई डब्याचं झाकण काढत राहिली.

"पण तुम्ही नेमकं तेव्हा वर कसं काय बघत होता?"

"मी व्हय?" ती म्हणाली. "पाखरं राखत हुते."

उसाला कुठली आलीत राखायची पाखरं! पण शहरातल्या पोराला ते काय ठाऊक. त्यानं मान डोलावली आणि भाकरी मोडली.

"खा लेकरा," रंगूबाई म्हणाली. "माजी एस.टी. चुकंल."