छापून झाल्यावर उरलेली चित्रं

वसंतकाकांबरोबर एक शनिवार काढला की दोन किस्से पदरात पडतात. एक सगळ्यांना सांगण्यासारखा आणि एक काकूंपासून लपवण्यासारखा. गेल्या चार वर्षांत दोन्ही प्रकारचे इतके साठलेत की आता थोडे बाहेर काढल्याशिवाय नव्यांना जागा नाही.

काका मूळचे साताऱ्याचे, शिकागोजवळ शॉमबर्गमध्ये पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात. काकांनी डेंटिस्ट आणि ड्रायक्लीनर यांच्या मधल्या गाळ्यात दोन खोल्यांची आर्ट गॅलरी काढली. तिथे मिळतात ती फक्त जुन्या अमेरिकन मासिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रकारांनी हाताने रंगवलेली मूळ चित्रं. छापून झाली की त्यांच्याकडे कुणी फारसं बघायचं नाही. काही माळ्यावर गेली, काही कचऱ्यात. काका ती शोधतात, विकतात आणि विकवत नाहीत ती घरी नेतात.

मी मुग्धा, नागपूरची, इथे सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकांची ओळख झाली. बाकीच्यांनी व्हिसा कुठला ते विचारलं. काकांनी विचारलं, "गाडी कुठली?"

"मिनीव्हॅन."

"मागच्या सीट्स आडव्या होतात?"

"होतात."

"शनिवारी सकाळी सातला ये."

नाही म्हणता येतं हे माझ्या लक्षातच आलं नाही.

*

काकांना आनंद लपवता येत नाही. धंद्यात हे फार वाईट. इथे घर रिकामं करताना आतलं सगळं विकायला मांडतात, त्याला इस्टेट सेल म्हणतात. अशा सेलमध्ये चांगलं चित्र दिसलं की काका "अरे बापरे" म्हणायचे आणि किंमत तिथल्या तिथे चढायची. शेवटी काकूंनी नियम केला. "चित्रासमोर तोंड उघडायचंच असेल तर हवेबद्दल बोलायचं, बस."

आयोवातल्या एका गॅरेजमध्ये आम्हाला सर्कशीच्या घोड्यांचं चित्र सापडलं. कुणीतरी ते कपाटाची मागची फळी म्हणून ठोकलं होतं! काकांना काकूंचा नियम आठवला. "पाऊस येईलसं वाटतंय," ते मालकाला म्हणाले. मिनिटाभराने पुन्हा, "पाऊस येणार." चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मालक बाहेर जाऊन आभाळ बघून आला. लख्ख ऊन होतं. त्याने काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मला हळूच विचारलं, "यांना घरी कोण बघतं?"

कपाट आम्ही आख्खं उचललं. आतले वाळलेल्या रंगाचे नऊ डबेही घ्यावे लागले.

*

रेडमंडहून एका सॉफ्टवेअरवाल्याचा फोन आला. नवीन घर घेतलं होतं. "आमच्या सोफ्याला मॅच होईल असं एखादं चित्र आहे का?"

काकांनी सोफ्याचा फोटो मागवला, झूम करून करून बघितला आणि ईमेल लिहिला, "चित्र आहे. सोफा बदलावा लागेल."

"काका, गिऱ्हाईक गेलं यार," मी म्हटलं.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच सोफ्याचा फोटो आला. खाली एवढंच लिहिलं होतं, "आता?"

*

एका कॉलेजात या चित्रांवर कार्यक्रम होता. प्रमुख वक्ते प्रोफेसर होते. ते म्हणाले की ही उत्तम कारागिरी आहे, पण कला म्हणता येणार नाही. कारण ऑर्डर घेऊन, पैसे घेऊन, ठरलेल्या तारखेला केलेलं हे काम.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर काका उठले. "सर, आजच्या भाषणाचं मानधन मिळालं?"

"मिळालं."

"तारीख कॉलेजने ठरवली?"

"हो."

"विषयही त्यांनीच दिला?"

"हो."

"सुंदर बोललात," असं म्हणून काका खाली बसले.

*

काकांची मुलगी मीरा इथेच जन्मली, वकील आहे. तिला हा सगळा पसारा वाटायचा. दिवाणखान्यात एक मोठं चित्र आहे. टेबलावर टोमॅटो सूपचा बाऊल, बाजूला चमचा, वर वाफ. "बाबा, इट्स अ सूप ॲड," ती दर वेळी म्हणायची.

दिवाळीला ती आली तेव्हा तिची तीन वर्षांची तारा त्या चित्रापाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि गाल फुगवून फुंकर मारायला लागली. आम्ही बघतोय हे कळल्यावर म्हणाली, "हॉट."

मीरा बराच वेळ त्या चित्रासमोर उभी राहिली. निघताना बूट घालता घालता म्हणाली, "बाबा, डोंट सेल दॅट वन."

*

आता सगळ्यात भारी किस्सा.

कित्येक वर्षं नकार ऐकल्यावर एका म्युझियमने काकांच्या संग्रहाचं प्रदर्शन भरवायचं कबूल केलं. मधली मोठी भिंत काकांनी अशा एका चित्रासाठी राखून ठेवली जे त्यांच्याकडे नव्हतंच. खिडकीशी उभी राहून वडिलांची वाट बघणारी छोटी मुलगी, एका जुन्या मासिकाचं मुखपृष्ठ. मूळ चित्र विस्कॉन्सिनमध्ये चित्रकाराच्या मुलीकडे होतं. डोरोथीबाई, वय ऐंशीच्या पुढे. काकांनी सहा महिने पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्या द्यायला तयार झाल्या.

आम्ही गेलो. व्यवहार झाला. मी चित्र उतरवून ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, गाडीत ठेवलं. काका इतके खूष होते की बाईंनी दिलेल्या कॉफीत दोनदा साखर घातली.

"चित्रातली मुलगी तुम्हीच ना?" त्यांनी विचारलं.

"मीच. सात वर्षांची होते."

"वडिलांनी किती वेळ उभं केलं?"

"तीन दिवस," बाई म्हणाल्या. मग कप बशीत नीट ठेवला. "त्याआधी त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ कधी बघितलं नव्हतं. नंतरही नाही."

काकांनी कॉफी संपवली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "मुग्धा, चित्र आत आण."

"काका, अहो, म्युझियमची भिंत?"

"आण गं."

मी आणलं. भिंतीवर खिळा तसाच होता. काकांनी स्वतः चित्र टांगलं, दोन पावलं मागे आले आणि डोरोथीबाईंना विचारलं, "सरळ लागलंय का?"

बाई खुर्चीतूनच बघत होत्या.

"डावी बाजू जरा वर घ्या," त्या म्हणाल्या.