दोन स्प्रिंगांचा अधिकार

अक्का गेल्याचं मला कोपरगावात नानांच्याच फोनवरून कळलं. नाना म्हणजे तिचे थोरले दीर. “अटॅक आला,” ते म्हणाले, आणि लगेच पुढे, “पण नळ्या साफ हुत्या हां.” माझी बहीण गेल्याची बातमी देतानाही या माणसाला स्वतःचा शब्द सांभाळायचा होता...

नानांच्या छातीत ब्लॉकमुळे दोन स्प्रिंगा बसवल्यात. तेव्हापासून कोल्हारात, अक्काच्या सासरी, कुणाच्याही छातीत कळ आली की निकाल नाना देतात. ज्याला स्प्रिंग नाही, त्याला छातीत दुखण्याचा हक्क नाही, हा त्यांचा कायदा. अक्काचं दुखणं या कायद्यात बसेना. गुरांच्या घासाचे भारे वाहताना तिला काही होत नसे. पहाटे धारांआधी गोठ्याच्या दारातल्या खुर्चीत जरा टेकली, की छाती आवळून यायची. थोड्या वेळाने सगळं ठीक. काम करताना नाही, मग बसल्यावरच कसं दुखतं, असं नानांनी विचारलं आणि सगळं घर हसलं. अक्काही हसली. तिला कुणाचं मन मोडता येत नसे, थट्टा करणाऱ्याचंसुद्धा.

शेवटी मीच तिला नगरला नेलं. ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवलं, ठीक. अँजिओग्राफी केली, ब्लॉक नाही. पण डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की पायात गोळा येतो तसा हिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीला पेटका येतो, तोही विश्रांतीत, बहुधा पहाटे. रिपोर्ट साफ असला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत. नानांनी त्यातलं ‘साफ’ तेवढं ऐकलं. पेढे वाटले आणि गोळ्या बंद करवल्या. “साफ नळीला गोळी कशाला? मला इचारा, दोन हाईत माझ्यात.” मी फोनवर भांडले. अक्का म्हणाली, जाऊ दे गं, घरात वाद नको.

दशक्रियेला प्रवरेच्या घाटावर नानांनी माईक घेतला. आमची भावजय कधी बसलेली दिसली नाही, म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे मला नदीकाठीच आठवावं! इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता, आणि अक्काची इतकी आठवणही.

परवा पुन्हा गेले. खुर्ची गोठ्याच्या दारातच होती, पाठीवर तिची शाल तशीच... नाना चहाचा कप घेऊन आले आणि सवयीने खुर्ची पुढे ओढली.

“नका बसू, नाना,” मी म्हणाले. “तिच्यात बसल्यावरच दुखतं.”

कप हातात धरून ते उभेच राहिले, दोन्ही स्प्रिंगांसकट.